बाहेरचं दूध

सिंकमध्ये बाटली विसळायच्या आधी तिने सवयीने नाक बाटलीच्या तोंडाशी नेलं आणि मनातल्या मनात म्हणाली, परत. कामावर ती दिवसातून पंधरा-वीस वेळा हेच करत असे. टँकरचं झाकण उघडायचं, आतला गारवा तोंडावर यायचा, ती वाकून एक श्वास घ्यायची आणि म्हणायची, घ्या. नाहीतर म्हणायची, परत. तिने परत म्हटलं की दहा हजार लिटर दूध आल्या रस्त्याने मागे जायचं आणि वर कुणी हूं की चूं करत नसे. डेअरीच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं तिने हे नाक चालवलं होतं. आणि आता सोमवारी संध्याकाळी, खांद्यावरची पिशवीसुद्धा न उतरवता, स्वतःच्या स्वयंपाकघरात तिच्या नाकाने तिच्याच दुधाला परत म्हटलं होतं. खवट. जुन्या साबणाच्या वडीला येतो तसा वास, आणि त्याच्यामागे काहीतरी आंबूस, लोखंडी. तिने बाटली लांब धरली, पुन्हा जवळ आणली. वास जागचा हलला नाही.

पाठीमागे सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि नेहमीच्या हळू आवाजात दिवसाचा वृत्तान्त देत होत्या. आजही दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं, जीभ बाहेर काढून ढकलून दिलं, मग रडली, मग पाणी मागितल्यासारखं ओठ चाटत झोपली. रजा संपून ती कामावर जायला लागल्याचा हा चौथा दिवस, आणि चारही दिवस हेच. पहिल्या दिवशी सासूबाईंनी भीत भीत विचारलं होतं की बाटलीला साबण राहतोय का गं, आणि ती फाडकन म्हणाली होती की साबण कसा काढायचा हे मला शिकवू नका, माझं ते कामच आहे. त्या बिचाऱ्या मूग गिळून गप्प बसल्या. त्यांना वास आला होता, फक्त नाव सापडलं नव्हतं. आणि जिला नाव माहीत होतं तिने पाच महिन्यांत एकदाही वास घेतला नव्हता. का नव्हता घेतला? स्वतःच्या भाजीची चव न घेता पंगतीला वाढणारी बाई पाहिली तर आपण तिला काय म्हणू? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, फक्त इथे दिव्याला पगार मिळत होता. तिला स्वतःचा इतका राग आला की तिने बाटली दोनदा घासली, खरं तर एकदाच पुरली असती.

फ्रीजरच्या खालच्या खणात एकेचाळीस पिशव्या होत्या. चपट्या, एकावर एक, नवऱ्याच्या सुबक अक्षरात तारीख, वेळ आणि मिलीलिटर. रजेचे पाच महिने तिने त्या भरल्या होत्या. बाळाला पाजून झालं की उरलेलं काढायचं, पहाटे भरून आलं की काढायचं, पाहुणे बाहेरच्या खोलीत बसलेले असताना दार लोटून काढायचं. पंपाचा आवाज, कुणी दमलेला माणूस जिने चढत असल्यासारखा, त्या घराने रोज ऐकला होता. दुखायचं. सोलवटलेल्या जागेवर मलम लावून पुन्हा लावायचा. कधी अर्धा तास बसून वीस मिलीलिटर, कधी दहा मिनिटांत शंभर, त्याला काही हिशेब नव्हता, पण ती प्रत्येक पिशवी बंद करताना आतली हवा बोटांनी नीट काढायची आणि तिला वाटायचं, चला, एक वेळ झाली. आपण कामावर असू आणि ही वेळ घरी असेल. बाळ आपल्याला सोडून राहील पण आपल्या दुधाला सोडून राहणार नाही, एवढीच एक गोष्ट तिने मनाशी ठरवली होती. बाकी मोठमोठ्या गोष्टी ठरवायची तिला सवय नव्हती. नवरा यायचा, खण उघडून बघायचा आणि म्हणायचा की युद्ध झालं तरी आपली पोर उपाशी राहत नाही. आता तिने एकेक पिशवी कोमट पाण्यात सोडली आणि एकेक उघडली. सहा पिशव्यांनंतर ती थांबली. सगळ्या सारख्याच.

मग तिला जाऊ आठवली. धाकट्या जावेचं बाळंतपण हिच्यानंतर महिनाभराने झालं होतं. तिला दूध उतरत नव्हतं, दोघी फोनवर रडल्या होत्या, आणि हिने मोठ्या तोऱ्यात बर्फाच्या डब्यात दहा पिशव्या भरून पाठवल्या होत्या. पाठवताना काय वाटलं होतं ते तिला लख्ख आठवत होतं. आपल्याकडे जास्त आहे, असं वाटलं होतं. शाळेत पेन्सिल विसरलेल्या मुलीला पेन्सिल देताना वाटायचं तसं. जाऊ म्हणाली होती, तुझे उपकार कसे फेडू. आता तिने फोन लावला आणि इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं की त्या पिशव्यांचं काय झालं. पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

"अगं, खरं सांगू का? पहिली दिली, त्याने तोंडात धरली नाही. दुसरी दिली, तेच. मग ठेवल्या होत्या तशाच. तुला कशाला वाईट वाटून द्यायचं, म्हणून बोलले नाही."

"टाकल्यास?"

"टाकल्या गं. पण प्रेमाने टाकल्या."

दोघी हसल्या. हसू ओसरल्यावर तिला कळलं की आपल्याला भयंकर राग आलाय, आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही. जावेने वेळेवर सांगितलं असतं तर तीन महिने आधी कळलं असतं. पण जाऊ चांगली म्हणून बोलली नाही, सासूबाई घाबरून बोलल्या नाहीत, नवऱ्याला कळलंच नाही. सगळी माणसं तिच्याशी इतकी चांगली वागली की एकेचाळीस पिशव्या फुकट गेल्या. भांडखोर माणसांत राहिली असती तर बाळ जेवलं असतं.

कारण तिला पाठ होतं. दुधातलाच एक पाचक घटक दुधातल्या स्निग्धांशाला फोडत बसतो, थंडीत त्याचं काम संथ होतं पण थांबत नाही. काही बायकांच्या दुधात तो जास्त असतो. दूध नासलेलं नसतं, अपाय काही नाही, फक्त चव जाते. उपायही सोपा. काढल्या काढल्या कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवायचं आणि लगेच गार करायचं, मग तो घटक मरतो आणि दूध गोड राहतं. तिने दुसऱ्या दिवशी पहाटे घरी गॅसवर करून पाहिलं, तापवलेलं एका वाटीत, न तापवलेलं दुसऱ्या वाटीत, दोन्ही फ्रीजमध्ये. तिचं दूध चार तासांतच वास धरत होतं, हे सासूबाईंनी फोनवर सांगितलं. त्या आता नेमलेल्या तपासनीसासारख्या तासातासाला वाट्यांचा वास घेत होत्या आणि त्यांचा आवाज पूर्वीपेक्षा मोठा झाला होता. म्हणजे कामावर काढलेलं दूध संध्याकाळी घरी आणून तापवण्यात अर्थ नव्हता. ते कामावरच तापवायला हवं होतं.

आणि कामावर तापवायला काय नव्हतं? अर्ध्या अंशापर्यंत नेमकं तापमान धरणारी पाण्याची टाकी होती, काचेची भांडी होती, बर्फाच्या पाण्याचा हौद होता. अख्ख्या गावात दूध तापवून गार करायला याहून चांगली जागा कुणाकडे नसेल. फक्त प्रयोगशाळेच्या दारावर, तिच्याच अक्षरात, पाटी होती: बाहेरचं दूध आत आणू नये. नियम चांगला होता, तिनेच त्याचा मसुदा केला होता. बाहेरचं दूध आत आलं की नमुन्यांत सरमिसळ होते, कुणाचं कुणाला लागतं, कुणाच्या पोटावर पाय येतो. ती मंगळवारी साहेबांकडे गेली. साहेब भला माणूस, पण ती काय मागतेय हे कळल्यावर त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि बोलणं संपेपर्यंत त्याच्याकडेच पाहत राहिले. मग म्हणाले की त्यांना पूर्ण सहानुभूती आहे, तिला यंत्र लावायला जुन्या कागदपत्रांची खोली दिलीच आहे, तिथे कडीसुद्धा बसवून दिली. पण प्रयोगशाळेत नाही. नियम म्हणजे नियम. आणि डब्याचं दूध काय वाईट असतं, त्यांची दोन्ही मुलं त्याच्यावरच वाढली, एक तर इंजिनिअर आहे. ती ठीक आहे म्हणून उठली. बाहेर आल्यावर तिला वाटलं की रोज सकाळी आठ वाजता आपण त्या पाटीखालून बाहेरचं दूध घेऊनच तर आत जातो, दोन्हीकडे भरून. हे वाक्य तिथल्या तिथे सुचलं असतं तर बरं झालं असतं, पण तिला अशी वाक्यं नेहमी जिन्यात सुचत.

बुधवारी तिने कुणाला न विचारता केलं. कागदपत्रांच्या खोलीत, छतापर्यंत रचलेल्या जुन्या वह्यांच्या मध्ये खुर्ची, मांडीवर पंप, समोरच्या गठ्ठ्यावर कुठल्याशा जुन्या वर्षाचा आकडा. त्या खोलीत बाळाचा फोटो बघत बसलं की दूध लवकर येतं असं कुणी सांगितलं होतं. तिला उलट व्हायचं, फोटो पाहिला की बाळाचं ढकलून दिलेलं तोंड दिसायचं आणि येणारं थांबायचं. त्यापेक्षा ती वह्यांच्या पाठी मोजायची. मग कोटाच्या खिशात बाटली घालून प्रयोगशाळेत. चहाच्या सुट्टीत तिथे कुणी नसे. काचेच्या भांड्यात ओतलं, टाकीत ठेवलं, कडेला मोत्यांसारखे बुडबुडे आले, नमुन्याच्या धुतलेल्या बाटलीत भरलं, बर्फाच्या हौदात दहा मिनिटं. वास घेतला. काही नाही. गोडसर, उबदार, काहीच नाही. नऊ वर्षांत तिला कुठल्या दुधाचा असा आनंद झाला नव्हता. दुपारी परत एकदा केलं. अशा दोन वेळा ती बुधवारी संध्याकाळी चोरीचा माल न्यावा तशी घरी घेऊन गेली.

गुरुवारी सकाळच्या वेळेचं दूध काढून, तापवून, बाटली हौदात ठेवून ती उभी होती तेव्हा सासूबाईंचा फोन आला. त्या ओरडतच होत्या. प्यायली गं, घटाघटा प्यायली, तळाशी थेंब नाही ठेवला, आणि माझ्याकडे बघून हसली. तिने डोळे मिटले. हौदाच्या कडेला हात टेकून ती काही क्षण नुसती उभी राहिली. मान, पाठ, दंड, सगळं एकदम सैल झालं. याच वेळी बाहेर भोंगा वाजला, टँकर आला होता. ती जवळजवळ पळतच दूध उतरवायच्या फलाटावर गेली. टँकरवाला जुना, पिकल्या मिशांचा, टँकरला स्वतःच्या म्हशीसारखं धुणारा माणूस. झाकण उघडलं, ती वाकली, श्वास घेतला. "घ्या," ती म्हणाली, आणि म्हणताना हसली, त्यामुळे तोही हसला. तिने ढवळून नमुना घेतला, बाटली आणून हौदात ठेवली. नमुन्याच्या बाटलीच्या गळ्यात रबराने टँकरच्या क्रमांकाचा बिल्ला बांधायचा असतो. हौदात बिनबिल्ल्याची बाटली दिसली की बिल्ला बांधायचा, हे तिच्या बोटांना इतकं माहीत होतं की त्यांनी तिला विचारलंही नाही. त्यांनी बिल्ला बांधला. ती जेवायला गेली आणि कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली.

परत आली तेव्हा फलाटावर आवाज चढलेले होते. तपासणीच्या यंत्रावर जो सहकारी बसे त्याला सगळे दशांश म्हणत, कारण तो बायकोच्या वयालासुद्धा दोन दशांश स्थळं लावायचा. तो हातातला कागद टँकरवाल्याच्या नाकासमोर नाचवत होता. प्रथिनं तिसरा हिस्सासुद्धा नाहीत आणि गोडवा दीडपट. पाणी घातलंय आणि साखरेने भरून काढलंय, इतकं उघड भेसळीचं दूध त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. साहेब खाली आले होते. टँकरला सील लागणार होतं, गाडी परत, आणि टँकरवाल्याचं नाव यादीतून कायमचं बाद. तिने कागद पाहिला. कमी प्रथिनं, जास्त साखर. हे आकडे तिने कॉलेजच्या पुस्तकात पाहिले होते, एका लहानशा तक्त्यात, शेवटच्या ओळीत. ती वळली आणि प्रयोगशाळेत गेली. हौदात एकच बाटली उरली होती, गळ्यात काही नसलेली. तिने झाकण काढून वास घेतला. गार, कच्चं, चांगलं, गाईचं.

तिथे उभ्या उभ्या तिने एक गोष्ट पाहिली आणि तिची तिला लाज वाटली, पण पाहिली खरी. ही बाटली ओतून टाकली तर कुणाला काही कळणार नाही. टँकर जाईल, उद्या पुन्हा अकरा वाजता ती दूध काढेल, तापवेल, परवा बाळ घटाघटा पिईल. टँकरवाला कोण लागतो आपला? पोर आपली आहे. सिंक दोन पावलांवर होतं. तिने बाटली तिरकीसुद्धा केली असावी, कारण एक थेंब तिच्या चपलेवर पडला. बाहेर टँकरवाला म्हणत होता की मॅडमना बोलवा, मॅडमनी स्वतः वास घेतलाय, त्या घ्या म्हणाल्या, त्यांचं नाक खोटं बोलत नाही. तो तिची बाजू लढवत नव्हता, स्वतःचीच लढवत होता. पण तिच्या नाकावर इतका विश्वास त्या आठवड्यात कुणीच दाखवला नव्हता, तिने स्वतःनेसुद्धा. ती बाटली घेऊन बाहेर आली.

"याचा नमुना हा आहे," ती म्हणाली. "बिल्ला चुकला. मी चुकीच्या बाटलीला बांधला."

"मग यंत्रावर लावलं ते कुणाचं?" दशांशने विचारलं. "तो टँकर तरी सापडला पाहिजे. ते दूध भेसळीचं आहे."

"ते माझं आहे."

"चूक तुमची, ते कळलं. दूध कुणाचं?"

"दूधच माझं आहे. माझ्या मुलीचं."

फलाटावर पाच माणसं होती. त्यांतल्या चौघांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. दशांश कागदाची घडी घालायला लागला, मग ती घडी आणखी लहान, मग आणखी लहान. टँकरवाला मात्र तिच्याकडेच बघत होता. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि किती महिन्यांची झाली म्हणून विचारलं. ती म्हणाली, पाच. तो म्हणाला, हां, मग गोड असणारच. आणि टँकरचं झाकण बंद करायला वर चढला. तिला त्याच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी तिथून कुठेतरी पळून जावंसंही वाटलं.

नवा नमुना लागला, टँकर घेतला गेला. साहेबांनी तिला आत बोलावलं नाही, दारातच उभं राहून, दुसरीकडे पाहत सांगितलं की लेखी द्यावं लागेल. उद्यापासून ती फलाटावर येईल, प्रयोगशाळेची किल्ली दशांशकडे राहील. आवाज चढवला नाही. उलट म्हणाले की तुम्ही दमला आहात, आज लवकर जा हवं तर, पण घराकडची बस सहाच्या आधी नव्हती. तिला कुणीतरी ओरडायला हवं होतं, म्हणजे तिलाही ओरडता आलं असतं. सकाळची वेळ कुठे गेली हे तिने विचारलं नाही. अर्धी यंत्राने प्यायली होती आणि उरलेली दशांशने भेसळ म्हणून ओतून दिली होती, सिंक अजून ओलं होतं. तीन वाजले होते. काढायची वेळ झाली होती, दोन्हीकडे ताठरलं होतं, पण काढून काय करायचं हे तिला कळेना. ती रिकाम्या फलाटाच्या कठड्याला टेकली, आणि फोन वाजला.

सासूबाईंचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा हळू झाला होता. दुसरी बाटलीही पोरीने अडीचलाच संपवली, त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांची भूक काढतेय गं ती. आता पुन्हा मागतेय. फ्रीजरमधलं दिलं, थुंकलं. कोमट करून दिलं, हाताने ढकललं. तू सातला येशील, तोवर काय करू? मागे रडणं ऐकू येत होतं. हट्टाचं नव्हतं, झोपेचं नव्हतं, त्यातला फरक तिला पाठ होता. ते ऐकल्याबरोबर छातीत सुया टोचल्यासारखं झालं आणि दूध सुटलं. तिने हाताची घडी घालून दाबून धरलं, तरी कोटावर दोन ओले डाग आले आणि वाढत गेले.

"आई, कोपऱ्यावरच्या दुकानातून डबा आणा," ती म्हणाली.

मग सासूबाई म्हणाल्या, "नक्की ना? मी नाही हं तुला म्हटलं."

"नक्की."

"बरं. पण कुठला आणू? दहा प्रकारचे असतात म्हणे. तुला त्यातलं कळतं, तू सांग."

तिला खरंच कळत होतं. कुठल्यात काय किती असतं, कुठला कुठे बनतो, कुठल्याची भुकटी पाण्यात नीट विरघळत नाही, सगळं. ती सांगायला लागणार होती. रडणं फोनच्या अगदी जवळ आलं, सासूबाईंनी पोरीला उचललं असावं. कोटाखालून एक गार थेंब पोटावरून खाली उतरला.

"कुठलाही आणा, आई," ती म्हणाली. "आत्ता आणा."